प्रतिक्रियेला उत्तर : ‘पोट भरलेल्या पोरांची कुरकुर’

गेल्या आठवड्यातल्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. दोन दिवस गप्प बसले, पण राहवत नाही. खालच्या चौकटीत एवढं मावणार नाही म्हणून वेगळं लिहिते आहे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझा लेख महायुद्धांनंतरच्या इंग्रजी आणि अमेरिकन कादंबरीबद्दल होता. युद्ध संपल्यावर माणसांना जे सांगितलं गेलं होतं आणि जे हाती पडलं, त्यातलं अंतर या कादंबऱ्यांत कसं दिसतं, हा विषय. तुमचं म्हणणं असं की एक साल चुकलं आहे, अमेरिकेचा भाग मी गुंडाळला आहे, आणि या कादंबऱ्यांतल्या बायका म्हणजे नायकांच्या वर चढायच्या पायऱ्या आहेत हे मला दिसलेलंच नाही. आणि मग हे वाक्य, जे मी जसंच्या तसं देते : ‘पोट भरलेल्या, खिशात पैसे खुळखुळणाऱ्या पोरांच्या कुरकुरीला भ्रमनिरास म्हणणं, ज्यांनी कारखान्याचं दार आतून पाहिलेलं नाही त्यांनाच जमतं, प्राध्यापकमहाशय.’ पुढे हसणारी तीन तोंडं.

साल चुकलं, हे कबूल. जॉन ब्रेनची ‘रूम ॲट द टॉप’ ही कादंबरी १९५७ ची. मी १९५९ लिहिलं, ते चित्रपटाचं साल. दुरुस्ती केली आहे, आभार. चूक दाखवणाऱ्याचा मला कधी राग येत नाही, हे इथले जुने वाचक सांगतील.

पण ते ‘प्राध्यापकमहाशय’ काय आहे? या ब्लॉगवर नऊ वर्षं माझं नाव आहे आणि ते बाईचं नाव आहे. मी प्राध्यापक नाही, एका सहकारी बँकेत नोकरी करते. इंग्रजी पुस्तकांवर मराठीत लिहिणारा माणूस कुठल्या तरी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पंख्याखाली बसलेला पुरुषच असणार, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? मतभेद असू देत. मतभेदासाठीच प्रतिक्रियांची जागा उघडी ठेवली आहे. पण समोरचं माणूस कोण, कुठून आलेलं, हे काहीही माहीत नसताना त्याच्या आयुष्याबद्दल निकाल द्यायचा आणि वर हसायचं, याला मतभेद म्हणत नाहीत.

आता ते वाक्य. त्याचे दोन भाग आहेत. पहिला पुस्तकाबद्दल, दुसरा माझ्याबद्दल. आधी पुस्तकाकडे येते, कारण तुम्ही ते वाचलं आहे का याची मला शंका आहे.

तुमचा रोख ॲलन सिलिटोच्या ‘सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग’वर आहे. १९५८ ची कादंबरी, नॉटिंगहॅममधली. नायक आर्थर सीटन सायकलच्या कारखान्यात लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, काम करतो. तुम्ही तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान मॅकमिलन यांचं ‘इतके चांगले दिवस कधी नव्हते’ हे वाक्य तोंडावर फेकलं आहे. ते भाषण जुलै १९५७ मधलं, बेडफर्डचं. त्या वाक्याचा अर्धाच भाग सगळीकडे फिरतो. त्याच भाषणात मॅकमिलन लगेच पुढे विचारतात, की हे टिकेल का? ही धास्ती खुद्द त्यांनाही होती. असो. मुख्य गोष्ट अशी की पगार बरा होता, हे सिलिटो कुठे लपवतो? पहिल्या काही पानांतच तो सांगून टाकतो. युद्धाआधीसारखं अर्धवेळ काम नाही, संडासात दहा मिनिटं पेपर वाचत बसलं म्हणून नोकरी जात नाही. आर्थरच्या बापाने युद्धाआधी सरकारी मदतीवर पाच पोरं वाढवली, आणि आता तो घरच्या टीव्हीसमोर सुखाने बसतो. त्या सुखावर त्याचा हक्क आहे, असं लेखक मनापासून म्हणतो. म्हणजे पोट भरलेलं आहे, ही तुम्ही शोधून काढलेली गुप्त बातमी नव्हे. कादंबरी सुरूच तिथून होते.

आणि हे लिहिणाऱ्यानेही दार बाहेरून पाहिलं नव्हतं. सिलिटो १९२८ सालचा, नॉटिंगहॅमचाच. बाप निरक्षर, तिशीच्या दशकात बरीच वर्षं बेकार. पोरगा चौदाव्या वर्षी शाळा सोडून रॅली सायकलच्या कारखान्यात लागला, पुढे लेथ चालवला. मग हवाई दलात वायरलेसवर, मलायात. तिथून क्षय घेऊन परतला आणि पेन्शनवर माजोर्का बेटावर राहून ही कादंबरी लिहिली.

आर्थरचा राग कशावर आहे, हे त्या लेथपाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. त्याला शंभर नगांना, म्हणजे कातलेल्या सुट्या भागांना, साडेचार शिलिंग मिळतात. दिवसाला चौदाशे नग काढले की पैसे निघतात. सकाळी हात चालवून हजार काढायचे, दुपारी रेंगाळायचं. जास्त काढता येत नाहीत का? येतात. तो पटाईत आहे. पण शंभर नग तासाच्या आत निघताना दरतपासनिसाने पाहिले, तर एखाद्या सकाळी साहेब येऊन सांगणार, तुझा दर सहा पेनीने खाली, नाहीतर शिलिंगभर खाली. म्हणून हातात असलेला वेग लपवायचा. रोज, आठ तास. स्वतःची हुशारी चोरीच्या मालासारखी अंगाखाली दडवून ठेवायची. तुम्ही याला कुरकुर म्हणता.

आता दुसरा भाग, माझ्याबद्दलचा. हे मी या ब्लॉगवर कधी लिहिलं नव्हतं. तुम्ही लिहायला लावलंत.

माझे अण्णा, म्हणजे वडील, कोल्हापुरात उद्यमनगरात टर्नर होते, लेथच चालवायचे. सव्वीस वर्षं. एका लहान कारखान्यात, नाव सांगत नाही, ऑइल इंजिनाचे बुश, म्हणजे आत बसवायच्या धातूच्या नळ्या, व्हायचे. शंभराला नऊ रुपये. दर सुट्टीत दुपारचा डबा मी घेऊन जायची. दार आतून कसं दिसतं विचारता? आत गेलं की आधी वास येतो, तापलेल्या लोखंडाचा आणि दुधासारख्या पांढऱ्या कूलंटचा. तो वास अण्णांच्या शर्टाला धुऊनही राहायचा. चपलेच्या तळव्यात लोखंडाचा कीस रुतायचा, घरी आल्यावर आई चिमट्याने काढायची. बुशांची पाटी घरीही यायची. कडेला राहिलेली बर, म्हणजे धातूची खरखरीत कोर, कानसेने काढायची, ते काम आईचं आणि माझं. चौथीत असल्यापासून. माझ्या उजव्या अंगठ्याच्या आतल्या बाजूला अजून घट्टा आहे. बँकेत नोटा मोजताना तो मला लागतो.

१९८६ च्या दिवाळीआधी ताईच्या लग्नासाठी पैसे हवे होते. अण्णा नेहमी चारशे नग काढायचे. त्या महिन्यात पाचशे, सव्वापाचशे काढायला लागले. आठ दिवसांनी मालकाने एक माणूस आणला, हातात घड्याळ. तो अण्णांच्या मागे दोन तास उभा राहिला. काही बोलला नाही. दिवाळीनंतर दर शंभराला साडेसात झाला. अण्णांचा एकट्याचा नव्हे, खात्यातल्या अकराही जणांचा. ताईच्या लग्नाला त्या अकरातले तीनच आले. अण्णा मांडवाच्या दाराशी उभे राहून वाटेकडे बघत होते, ते मला अजून दिसतं.

पुढे एम.ए.ला असताना सिलिटोची कादंबरी हाती आली. ते लेथचं पान वाचलं आणि मी त्या रात्री घरी अण्णांना ते मराठीत सांगत वाचून दाखवलं. ते बशीतून चहा पीत होते. बशी खाली ठेवली आणि विचारलं, ‘शंभराला किती द्यायचा त्यो?’ मी सांगितलं, साडेचार शिलिंग. ‘शिलिंग म्हंजी?’ वीस शिलिंगांचा एक पौंड. त्यांनी लाइटबिलाच्या मागे हिशेब मांडला. चौदा गुणिले साडेचार, त्रेसष्ट शिलिंग, म्हणजे दिवसाला ३ पौंड ३ शिलिंग. मग पाच दिवसांचे, पंधरा पौंड पंधरा शिलिंग. कादंबरीत आर्थरच्या हाती आठवड्याला चौदा पौंडांच्या आसपास येतात. अण्णा म्हणाले, ‘बरोबर हाय. एखादा दिस हात आखडला आसंल.’ इंग्रजीचं अक्षर न येणाऱ्या माणसाने लेखकाचा हिशेब तपासून दिला होता.

मग बराच वेळ गप्प बसून म्हणाले, ‘त्याला कुणीतरी आधी सांगितलं व्हतं. मला न्हाई कुणी सांगितलं.’

म्हणून ‘ज्यांनी कारखान्याचं दार आतून पाहिलेलं नाही’ हे मी ऐकून घेणार नाही. मला पुस्तकं कळत नाहीत म्हणा, मराठी वाईट लिहिते म्हणा. हे नाही.

राहिला ‘भ्रमनिरास’ हा शब्द. तुमच्या मते तो फक्त खंदकातून परतलेल्या सैनिकाला शोभतो. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेला शोभतो, सिलिटोला नाही. मला ही विभागणीच पटत नाही, आणि लेखात मी हेच सांगत होते, कदाचित पुरेसं नीट नाही. हेमिंग्वेच्या १९२९ च्या ‘अ फेअरवेल टू आर्म्स’मध्ये पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर असलेल्या नायकाला, फ्रेडरिक हेन्रीला, पवित्र, वैभव, बलिदान असले शब्द ऐकले की लाज वाटते. त्याच्या लेखी गावांची नावं, रस्त्यांचे क्रमांक, पलटणींचे क्रमांक आणि तारखा एवढ्यांतच काही अर्थ उरला आहे. मोठे शब्द ज्यांनी वापरले त्यांनीच ते नासवले, म्हणून तो नावांवर आणि आकड्यांवर आला. आता नॉटिंगहॅमला या. सगळ्यांना सामाजिक सुरक्षा देण्याची योजना मांडणारा १९४२ चा बेव्हरिज अहवाल, १९४५ चं मजूर पक्षाचं सरकार, जुलै १९४८ ची मोफत आरोग्यसेवा. शब्द पुन्हा मोठे, आणि या वेळी बरेचसे खरेही, ते मी नाकारत नाही. दवाखाना खरंच आला. पण मांसावरचं रेशनिंग उठायला जुलै १९५४ उजाडलं, आणि लेथपाशी दरतपासनीस होता तिथेच राहिला. आर्थरला वर्षातून पंधरवडाभर लष्करी प्रशिक्षणाला जावं लागतं, तेव्हा बंदूक हातात आल्यावर त्याला शत्रू म्हणून कोण आठवतं, ते पान काढून वाचा. युद्धात पळून गेलेले त्याचे मावसभाऊही त्या पुस्तकात आहेत, आणि घरातले त्यांची लाज धरत नाहीत. इतका जवळचा धागा तुम्हाला दिसला नाही. आर्थर कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही, सरकारच्या नाही, युनियनच्या नाही, कम्युनिस्टांच्याही नाही. तो विश्वास ठेवतो तो चौदाशेवर आणि साडेचारवर. फ्रेडरिक हेन्रीच्या पलटणींचे क्रमांक आणि आर्थरचे नग हे माझ्या लेखी सख्खे भाऊ आहेत. पोट भरलं आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

उलट भरल्या पोटीच भ्रमनिरास जास्त टोचतो. ब्रेनच्या ‘रूम ॲट द टॉप’चा नायक, जो लॅम्प्टन घ्या. हवाई दलात होता, युद्धकैदी झाला, कैदेत बसून हिशेबनिसाचा अभ्यास केला, आईबाप बॉम्बमध्ये गेले. पुढे त्याला सगळं मिळतं. श्रीमंताची मुलगी, नोकरी, टेकडीवरची वस्ती. आणि त्याने सोडून दिलेली विवाहित प्रेयसी ॲलिस मोटार अपघातात मेल्यावर त्याला लोक समजावतात की तुला कोणी दोष देत नाही, तेव्हा तो म्हणतो की हीच तर अडचण आहे. पैसे खुळखुळणाऱ्या पोराची कुरकुर म्हणून हे सोडून देता येत असेल तर आपण दोघांनी वेगळी पुस्तकं वाचली आहेत.

बाकीचे मुद्दे. अमेरिकेचा भाग कमी पडला, असेल. डॉस पासोससारख्या अमेरिकन कादंबरीकाराला एक परिच्छेद दिला, तोही घाईचा. एका लेखात सगळं येत नाही आणि मी कोश लिहीत नाही.

बायकांचा मुद्दा आहे, नाही असं नाही. आर्थरच्या विवाहित प्रेयसीचं, ब्रेंडाचं, काय होतं ते मलाही वाचवत नाही. पण तो लेखाचा विषय नव्हता, आणि जी व्यक्ती बाईला ‘महाशय’ म्हणून सुरुवात करते तिच्याकडून तो धडा मला नको आहे. आईच्या हातातली कानस मी पाहिली आहे. त्यावर कधी लिहायचं ते मी ठरवीन.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढचा लेख डॉस पासोसच्या ‘यू.एस.ए.’ त्रयीवर आहे, महिनाअखेरीला. त्याखाली जरूर लिहा. पण पुस्तक वाचून या, पान क्रमांकासह लिहा, आणि वर माझं नाव आहे ते आधी बघा.