आजोबांनी कुत्रा बांधून ठेवला होता

नाइट ड्यूटी संपवून सकाळी सव्वासातला पेट्रोल भरायला थांबले होते. आता दुपारचा एक वाजलाय आणि अजून डोळ्याला डोळा नाही. म्हणून लिहायला बसले. पोस्ट लांबणार आहे.

पंपावर शेजारी एक यूट उभी होती. इथे व्हिक्टोरियाच्या पश्चिमेकडे, मेंढ्यांच्या मुलखात, घरटी एक तरी ही गाडी असते, मागे उघडा हौदा असलेली. हौद्यात पिंजरा होता आणि पिंजऱ्यात चार कुत्री. दोन उंच, शिडशिडीत, लांब पायांची आणि दोन बुटके टेरियर. एका टेरियरचा वरचा ओठ कधीतरी फाटलेला आणि वेडावाकडा जुळून आलेला. मी नर्स आहे. टाके घातलेली जखम कोणती आणि आपोआप भरलेली कोणती, हे मला लांबूनही कळतं. ह्याला कुणी टाके घातले नव्हते. पिंजऱ्याच्या गजांना सात कोल्हे मागच्या पायांनी उलटे टांगलेले होते.

यूटवाला पोरगा विशीतला. चांगला पोरगा आहे, हे आधीच सांगते. गेल्या पावसात माझी गाडी चिखलात रुतली तेव्हा ह्यानेच दोर लावून ओढून काढली होती. मी बघतेय म्हटल्यावर तो हौसेने जवळ आला आणि त्याने फोन पुढे केला. व्हिडिओत दोन उंच कुत्र्यांनी एक कोल्हा दोन टोकांना धरलाय आणि ती ताणतायत. कोल्हा जिवंत आहे. मागे दोघंतिघं हसतायत, एक जण मोठमोठ्याने आकडे मोजतोय. यूटच्या पुढच्या सीटवर ह्या पोराचा भाचा बसला होता, सहा-सात वर्षांचा. हातात चॉकलेटच्या दुधाचा खोका. खिडकीतून तो मला म्हणाला, "त्याला मरायला खूप वेळ लागला."

मी काहीच बोलले नाही. पैसे दिले आणि निघून आले. ह्या गोष्टीचाच जास्त राग येतोय.

मुक्या जिवाला हाल करून मारू नये, हे तुम्हाला-मला कुणी शिकवायची गरज नाही. त्यामुळे ते समजावत बसत नाही. पण कोल्हा मारूच नये, असं मी म्हणत नाहीये, तेव्हा तसल्या कमेंट नकोत. नऊ वर्षं इथे राहिल्यावर मी तसं म्हणूच शकत नाही. ऑगस्टमध्ये मेंढ्या वितात. पहाटे रानात गेलं की दवात पडलेली कोकरं दिसतात, कुणाची जीभ खाल्लेली, कुणाची शेपटी. आणि कोकरू अजून धुगधुगत असतं. हे एकदा पाहिलं की कोल्ह्याच्या गोंडस फोटोंवर बदाम टाकवत नाहीत.

(कोल्हा म्हणजे आपला उसात कुई करणारा नव्हे. इथला लाल, झुपकेदार शेपटीचा, शेपटीचं टोक पांढरं. माळावरचं आपलं खोकड ह्याचं जवळचं नातलग. पण खोकड म्हटलं तर पुण्या-मुंबईत कुणाला कळणार नाही, म्हणून कोल्हा.)

आमच्या कुंपणापलीकडे एक आजोबा राहतात. पंचाहत्तरीचे असतील. तीन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये त्यांची आठवड्याभरात अकरा कोकरं गेली. हे मेलबर्नला गेले होते, मुली झोपल्या होत्या, सासूबाई घरी होत्या. आजोबांच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना दिवा धरता येईना. मी म्हटलं, मी येते. मोठ्या दिव्याला त्यांनी लाल कागद लावला होता, लाल उजेडाला कोल्हा बुजत नाही म्हणे. तोंडात पत्र्याची एवढीशी शिट्टी. ती फुंकली की जखमी सशासारखा आवाज येतो. अंगावर काटा आला माझ्या. दहाव्या मिनिटाला अंधारात दोन डोळे चमकले. एक गोळी. कोल्हा जागच्या जागी बसल्यासारखा खाली गेला.

आजोबा चालत गेले आणि काठीच्या टोकाने त्यांनी त्याच्या उघड्या डोळ्याला हलकेच स्पर्श केला. पापणी हलली नाही, हे दोनदा बघितलं. आम्ही हॉस्पिटलात जे करतो तेच. मग बंदूक उतरवली.

मला आज दिवसभर ती काठी आठवतेय.

आता त्या "आम्ही निसर्गाची सेवा करतोय"वाल्यांबद्दल. पोरगा मला तेच म्हणाला, फोन खिशात घालताना. कोल्हा परका प्राणी आहे, इथले बिल्बी, नंबॅट असे छोटे प्राणी, जमिनीवर घरटी करणारे पक्षी ह्याने खाऊन संपवत आणले. खरंय. पण तो इथे पोहून आला का? 1850 च्या दशकात इंग्रजांनी तो जहाजातून आणला, तो ह्याच खेळासाठी! कुत्र्यांची टोळी पुढे, घोडे मागे, लाल कोट घालून. मेलबर्न हंट क्लब 1852 चा, म्हणजे कोल्हा इथे स्थिरावण्याच्याही आधीचा. सुरुवातीला कांगारू आणि डिंगो (इथले रानकुत्रे) पळवून बघितले, पण घरच्यासारखी मजा येईना. मग कोल्हे मागवले. 1870 च्या सुमाराला मेलबर्नजवळ सोडलेले टिकले, आणि तिथून जवळजवळ सगळा खंड पादाक्रांत केला त्यांनी. ससेही तसेच. विंचेल्सीजवळच्या बारवन पार्कमध्ये 1859 साली एका जमीनदाराने बंदुकीच्या हौसेखातर सोडले.

आपल्याकडेही त्यांनी हेच केलं होतं. उटीला लाल कोल्हा नव्हता, तर विलायती हाउंड (शिकारी कुत्रे) आणले आणि आपल्या कोल्ह्यांमागे घोडे घातले. भारतात पळवायला काहीतरी मिळालं म्हणून भागलं. इथे मिळालं नाही म्हणून जहाजातून आणलं. आणि आज पावणेदोनशे वर्षांनी त्याच खेळाला तुम्ही निसर्गसंवर्धन म्हणता? मजेसाठी आणलेला प्राणी मजेसाठीच फाडायचा आणि वर बिल्बीचं नाव घ्यायचं? अरे, बिल्बीला तोंड नाही म्हणून!

इंग्लंडात, जिथून हे खूळ आलं, तिथे 2005 पासून कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार बंद आहे. इथे व्हिक्टोरियात घोड्यांवरचे क्लब अजून चालतात. शेतकरी आपणहून कुंपणाची फाटकं उघडून देतात, हेही मान्य करते, त्यांचीच कोकरं जातात.

चहा घेऊन आले. जरा शांत होऊन लिहिते.

गोळीनंतरचं सांगायचं राहिलं. आजोबांनी तो कोल्हा उलटा केला आणि तसेच थांबले. मादी होती. पोटावरचे केस झडलेले, आचळं दुधाने भरलेली. मला वाटलं आता शिवी घालतील. ते नुसते म्हणाले, "पिल्लं आहेत हिला." घड्याळात बघितलं. रात्रीचे साडेअकरा. अंधारात बीळ सापडणार नव्हतं. सहाला येतो म्हणाले, तुला यायलाच पाहिजे असं नाही. मी गेले.

खेळ म्हणून मारणाऱ्यांना हे घड्याळ नसतं. मेलेल्या मादीच्या पोटाकडे त्या पोराने बघितलं असेल का? जून-जुलैत इथे कोल्ह्यांचा मेळ होतो, रात्री त्यांचं ओरडणं ऐकून नवीन माणूस पोलिसांना फोन करेल असा आवाज. सप्टेंबरपर्यंत बिळं भरतात. तेव्हाही ह्या यूट फिरतातच.

आणि टेरियर! कोल्हा बिळात असला की टेरियर आत सोडतात. आत अंधारात, जेमतेम अंग मावेल एवढ्या भोकात दोन जनावरं तोंडाला तोंड लावून भिडतात. काहींच्या गळ्यात ट्रान्समीटर असतो, अडकला तर कुठे खणायचं ते कळावं म्हणून. त्या फाटक्या ओठाचं कारण तेच. कुत्र्यावर प्रेम आहे म्हणतात. असेल, पण टाके घालायला नेण्याइतकं नव्हतं.

कुणीतरी नक्की विचारणार, मग विष बरं का. नाही, बरं नाही. इथे टेन-एटी नावाचं विष मांसाच्या तुकड्यात घालून पुरतात. कोल्हा काही तास तडफडतो, आणि चुकून शेतावरच्या कुत्र्याने खाल्लं तर त्यावर उतारा नाही. हाउंडच्या टोळीतल्या पहिल्या कुत्र्याने मानच धरली तर कोल्हा क्षणात संपतो, असंही सांगतात. संपत असेल कधी कधी. मी पाहिला त्याचा क्षण 40 सेकंदांनंतरही संपला नव्हता, व्हिडिओ संपला.

कुत्र्यांचा विषय निघालाच आहे तर वॉर्नमबूलचं सांगते. गेल्या वर्षी मुलींना घेऊन गेलो होतो. किनाऱ्याला लागून मिडल आयलंड म्हणून छोटंसं बेट आहे. ओहोटीला मधलं पाणी इतकं उतरतं की कोल्हा सहज पलीकडे जातो. तिथे जगातले सगळ्यात छोटे पेंग्विन राहतात, फूटभर उंचीचे. शेकड्यांनी होते, 2005 मध्ये दहासुद्धा उरले नव्हते. गावातल्या स्वॉम्पी मार्श नावाच्या कोंबडीवाल्याने सुचवलं की माझ्या कोंबड्या राखायला जे पांढरे मरेमा कुत्रे आहेत, ते बेटावर ठेवून बघा. 2006 मध्ये ठेवले. कुत्रा नुसता बेटावर आहे, त्याचा वास आणि भुंकणं आहे, म्हणून कोल्हे फिरकेनात. पेंग्विन वाढले. पुढे यूडी आणि टुला अशा दोन बहिणी तिथे कामाला होत्या. ह्या पेंग्विनच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द यूडिप्टुला, त्याचेच दोन तुकडे करून नावं ठेवलेली. आमच्या धाकटीला हे इतकं आवडलं की परतीच्या सबंध रस्त्यात ती स्वतःला टुला म्हणवून घेत होती.

हे काही सगळीकडे चालत नाही, आणि 2017 मध्ये कोल्हे पुन्हा बेटावर घुसले तेव्हा शंभराहून अधिक पेंग्विन गेले, हेही खरं. पण कुत्र्याकडून काम करून घ्यायचंच असेल तर हेही काम आहे. राखण. आपल्या धनगरांचे कुत्रे दुसरं काय करतात? आटपाडी-जतकडच्या रानात वाघरात मेंढरं कोंडली की कुत्रा बाहेर जागतो. लांडगा आला तर भुंकून रान उठवतो. तो लांडग्याला ताणून ताणून मारताना धनगर बाजूला उभा राहून आकडे मोजत नाही.

तरीही "गोरे लोक असेच क्रूर" असली कमेंट करू नका. सांगलीला माझ्या मामांच्या उसाची शेवटची सरी तुटत आली की आतला कोल्हा बाहेर निघायचा, आणि काठ्या घेऊन गडी, पोरं, गावातली कुत्री सगळी त्याच्यामागे. मीही आरडाओरडा करत पळालेली आहे, नऊ वर्षांची असताना. तो कोल्हा कुणाची कोकरं खात नव्हता. उंदीर खाऊन ऊसच राखत होता. मामांनी आम्हाला थांबवलं नव्हतं. कुणीच थांबवलं नव्हतं. म्हणून तर आज त्या भाच्याचं तोंड डोळ्यासमोरून जात नाही. तो दुष्ट नव्हता. त्याला कुणी सांगितलेलंच नाही, की वेळ लागला ही वाईट गोष्ट आहे. सांगायला एक मोठं माणूस समोर उभं होतं, आणि ते पैसे देऊन निघून आलं.

ती सकाळ पूर्ण करते. सहाला आजोबा फावडं आणि त्यांची म्हातारी टेरियर कुत्री घेऊन आले. तिच्या गळ्यात दोरी. ओढ्याच्या काठाने ती हुंगत गेली आणि सशांच्या एका जुन्या बिळाशी थांबली, थरथरायला लागली. आत जायला जीव टाकत होती. आजोबांनी तिला उचललं, यूटपाशी नेलं आणि हौद्याच्या कडीला बांधलं. ती रडत होती अक्षरशः. मग नव्या खांद्याने, गुडघ्यांवर बसून, अर्धा तास ते स्वतः खणत होते. मी म्हटलं, कुत्रीला सोडलं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं. ते म्हणाले, "हो. पण त्यांना ते कळलं असतं."

चार पिल्लं होती. लाल नव्हती, चॉकलेटी. डोळे नुकते उघडलेले. मला म्हणाले, तिकडे बघ. मी ओढ्याकडे बघितलं. लहान बंदुकीचे चार आवाज आले, मधे फारसं अंतर नाही. नंतर त्यांनी बीळ बुजवलं, आईला आणि पिल्लांना आतच ठेवून. 2011 मध्ये सरकारने कोल्ह्यामागे 10 डॉलर द्यायला सुरुवात केली होती, कानांसकट डोक्याचं कातडं नेऊन द्यावं लागायचं. मला तेव्हा ते माहीत होतं आणि मी वेड्यासारखं विचारलंही. त्यांनी उत्तर दिलं नाही. थर्मासमधला चहा आम्ही दोघांनीही प्यायला नाही. घरी येऊन मी आंघोळ केली आणि मुलींचे डबे भरले.

त्यानंतर त्या मोसमात त्यांचं एकच कोकरू गेलं. तेही थंडीने.

आज संध्याकाळी त्यांच्याकडे अंडी आणायला जायचंय. व्हिडिओचं त्यांना सांगणार नाही. त्या पोराचं घर मात्र मला माहीत आहे, दुधाच्या डेअरीच्या पुढचं वळण. गाडी ओढल्याबद्दल बेसनाचे लाडू द्यायचे राहिलेच होते. शनिवारी सुट्टी आहे. भाचा घरी असेल तर बरं होईल.