फळ्या उन्हात नकोत, सावलीत ठेवा

वादळात पडलेल्या आंब्याच्या झाडापासून गिटार करता येते, हे गिटार बनवण्यावरच्या लेखातलं म्हणणं अगदी बरोबर. पण ‘फळ्या पाडून महिनाभर कडक उन्हात ठेवा’ हा सल्ला कृपया कुणी पाळू नका! उन्हात वरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि फळी उभी तडकते. ओंडका कापला की त्याच दिवशी दोन्ही टोकांना मेण किंवा जाड ऑइल पेंट फासा, कारण टोकांतून पाणी सर्वांत वेगाने उडतं. आंब्याला बुरशी फार लवकर धरते, तेव्हा पावसाळ्यात ओंडका अंगणात पडू देऊ नका. फळ्यांमध्ये इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या घालून, वर वजन ठेवून, वारा खेळेल अशा सावलीत रचा. इंचाच्या फळीला साधारण वर्ष लागतं. काटा सलग काही आठवडे फळीचं तेच वजन दाखवेपर्यंत थांबा.

कापाची दिशा तर लेखात आलीच नाही. गिटारच्या पाठीच्या (मागच्या बाजूच्या) दोन्ही तुकड्यांना प्रत्येकी २०-२१ सेंटीमीटर रुंदी लागते. वर्षवलयं (खोडातली वाढीची वर्तुळं) फळीच्या पृष्ठाला काटकोनात हवी असतील तर ही रुंदी गाभा आणि साल यांच्यामध्येच बसवावी लागते, म्हणजे खोड निदान ५५-६० सेंटीमीटर जाड हवं. आडव्या फांद्यांचं लाकूड ताणाखाली वाढलेलं असतं, कापताच वाकतं. ते वापरू नका.