जिन्यातल्या वायरी

ठाण्यातला माझा मामेभाऊ नव्या सोसायटीचा सेक्रेटरी झालाय. परवा फोनवर म्हणाला, "एकाच इंटरनेट कंपनीशी पाच वर्षांचा करार करतोय. सगळ्या फ्लॅटना सवलत, सोसायटीलाही चार पैसे. शिवाय जिन्यात वायरींचं जंजाळ नाही." मी म्हटलं, "दादा, ते जंजाळ असू दे."

मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात, रॅलेजवळ राहतो. खुल्या बाजाराची ही पंढरी, पण माझ्या दारापर्यंत कित्येक वर्षं एकच केबल येत होती. बिल ७५ डॉलरवर गेलं तेव्हा कंपनीला फोन करून कनेक्शन सोडायची धमकी दिली. पलीकडच्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, "मग कोणाकडे जाणार?" पुढे मागच्या गल्लीत दुसऱ्या कंपनीने फायबरसाठी खड्डे खणले. मी पुन्हा फोन केला, दहा मिनिटांत २५ डॉलर कमी. वायर तीच, मोडेम तोच!

इथून तासाभरावर विल्सन नावाचं गाव आहे. कंपन्या वेगवान जाळं टाकेनात, म्हणून २००८ मध्ये गावानेच 'ग्रीनलाइट' नावाने स्वतःची फायबर सेवा सुरू केली. मग केबल कंपनीने विल्सनमध्ये दर रोखून धरले, आसपासच्या भागात मात्र वाढवले. यावरून राज्याच्या विधिमंडळाने काय धडा घ्यावा? २०११ मध्ये कायदा करून इतर गावांची ही वाट जवळपास बंदच केली. केंद्रीय दूरसंचार आयोगाने २०१५ मध्ये तो कायदा बाजूला सारला, तर पुढच्याच वर्षी अपील न्यायालयाने आयोगाला तसा अधिकारच नसल्याचं सांगितलं. शेजारच्या चिमुकल्या पाइनटॉप्स गावाने नुकतीच ग्रीनलाइटची जोडणी घेतली होती, ती तुटायची पाळी आली.

दादाचं म्हणणं, आपल्याकडे हे चालायचं नाही, आपला डेटा जगात स्वस्त. स्वस्त आहे, मान्य. २०१६ मध्ये जिओ आलं आणि दर कोसळले. पण त्या धुमश्चक्रीत एअरसेल गेली, रिलायन्स कम्युनिकेशन्स गेली, व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. खासगीत उरल्या तीन, आणि जुलै २०२४ मध्ये तिघींनी एकापाठोपाठ दर वाढवले. तेव्हा लोक बीएसएनएलकडे वळले, कारण वळायला ती तरी होती.

डोंबिवलीत बाबांच्या गच्चीवर चार जणांच्या वायरी लोंबतात. दिसायला भयंकर, पावसाळ्यात तर विचारूच नका. पण मोठ्या कंपनीचं फायबर आलं त्या महिन्यात जुन्या केबलवाल्याने न मागता स्पीड दुप्पट केला.

रविवारी दादाची मीटिंग आहे. मी त्याला लिहिलंय, करार कर, सवलतही घे. फक्त 'इतर कोणाला वायर टाकू देणार नाही' हे कलम खोड आणि डक्टमध्ये एक पाइप रिकामा ठेव. दोन निळ्या टिक्स दिसताहेत, उत्तर अजून आलेलं नाही.