तपकिरी रंगाचे चार रविवार

नमस्कार ताई,

आमच्या तैलरंगाच्या पोर्ट्रेट वर्गाबद्दलचा तुमचा अभिप्राय वाचला. दोन महिन्यांची फी घेऊन चार रविवार नुसता तपकिरी रंग फासायला लावला, रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनच्या वासानं डोकं उठलं, बाबांचं पोर्ट्रेट महिना झाला तरी हाताला चिकटतंय, असं तुम्ही लिहिलंय.

आधी वासाचं. ती चूक आमचीच. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या लावून घेतल्या आणि आत बारा जणांचे टर्पेंटाइनचे डबे उघडे! आता डब्यांना झाकणं आहेत, एक्झॉस्ट फॅन बसवलाय, ब्रश जवसाच्या तेलात पुसून मग साबणानं धुतो. पत्रकावर 'दोन महिन्यांत हुबेहूब पोर्ट्रेट' छापलं होतं, तेही काढून टाकलं. नवख्या हातानं दोन महिन्यांत चेहरा पुरा होतो, हुबेहूब होईलच असं नाही.

तपकिरी रंगाबाबत मात्र माघार घेणार नाही. बर्न्ट अंबर, म्हणजे तो तपकिरी, आणि पांढरा एवढ्यातच उजेड-सावली सापडली नाही, तर पुढे कातडीचा रंग कितीही छान मिसळा, चेहरा चपटाच राहतो. शिवाय अंबर लवकर वाळतो, म्हणून खालच्या थराला तोच बरा. आठवतंय का, पाचव्या रविवारी तुम्ही डोळ्यांत ट्यूबमधला पांढरा तसाच भरलात आणि बाबा दचकल्यासारखे दिसायला लागले? त्या पांढऱ्यात जरासा काळा आणि यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, मिसळला, वरच्या पापणीची सावली डोळ्यावर आणली, तेव्हा कुठे ते शांत झाले. तुम्हीच हसलात. खरं तर ज्यावरून चित्र काढलं तो बाबांचा फोटो मोबाइलच्या फ्लॅशमध्ये काढलेला, नाकाला सावलीच नाही. तो मी पहिल्याच दिवशी नाकारायला हवा होता.

आता चिकटण्याचं. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. बाबांच्या कोटाला वापरलेला काळा, आयव्हरी ब्लॅक, मुळातच सावकाश वाळणारा, त्यात तेल जरा सढळ हातानं पडलं, आणि वर कोल्हापूरचा पावसाळा. चित्र कपाटामागे ठेवू नका, उजेडाच्या आणि हवेशीर खोलीत ठेवा. वार्निश सहा महिने तरी नको. फ्रेमवाला काच लावू म्हणाला तर तीही नको.

दिवाळीनंतर एखाद्या रविवारी बाबांनाच घेऊन या. खिडकीपाशी बसवू, फी लागणार नाही. उजवा कान तेवढा अजून गालालाच चिकटलाय, तो मोकळा करू.