पोट साफ होतं का?

परवाच्या रविवारी इंदूरच्या रामबागेत एका घरगुती काव्यबैठकीत कविता वाचली. विषय होता 'जागरण आणि स्वप्न'. माणशी दोन मिनिटं, नंतर पोहे. मला खरंच झोप येत नाही, त्यामुळे विषय आयताच सापडला होता.

कविता बरी होती. तिसऱ्या कडव्यात वीज जाऊन पंखा थांबतो आणि स्वप्न सुरू होतं, तिथे दाद यायला हवी होती. मागून 'जीरावन कुठंय?' एवढं ऐकू आलं. (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला.)

पहिल्या रांगेत एक काका सगळा वेळ डोळे मिटून होते. मला वाटलं, तल्लीन झालेत. मी बसताच त्यांनी डोळे उघडले.

"जाग किती वाजता येते?"

"काका, ती कविता होती."

"ते कळलं हो. किती वाजता?"

"तीनच्या सुमारास."

"पोट साफ होतं का?"

इतका वेळ आपसांत कुजबुजणारी खोली या प्रश्नावर चिडीचूप झाली. तीन कडवी कुणी ऐकली नाहीत, पण माझ्या पोटाबद्दल सगळ्यांना जाणून घ्यायचं होतं! मग काय, जायफळ दुधात उगाळून, काशाच्या वाटीने तळपायाला तूप, खसखशीची खीर. एका काकूंनी ब्राह्मीचं तेल कुठल्या दुकानात चांगलं मिळतं तेही सांगून टाकलं. संचालकबाई पुढच्या कवीला उभं करायचं विसरल्या आणि तो बिचारा वही उघडून ताटकळत राहिला. (त्याची मला दया आली नाही. माझ्या वेळी तो खाली स्कूटर बघायला गेला होता.)

मला चेव चढला. म्हटलं, तुकोबांच्या स्वप्नात नामदेव आले, सोबत पांडुरंग. कवित्व कर म्हणाले. तुकोबांना कुणी पोटाचं विचारलं?

"ते संत. तुम्ही रात्री जेवता काय?"

"पोळी-भाजी. आणि गालिबलाही रात्रभर झोप येत नव्हती, त्याला कुणी—"

"भाजी कसली?"

शेवटी मी साहेबच काढला. इंग्रज कवी कोलरिज. 1797 साली गुंगीत त्याला कुब्ला खानाचा महाल दिसला. दोन-तीनशे ओळी झोपेतच जुळल्या. उठून लिहायला बसला, तर पोरलॉक गावाहून कुणीतरी कामानिमित्त आला आणि तासभर हलला नाही. तो गेल्यावर बघतो तर बाकीचं सगळं पुसलं गेलेलं. उरलेल्या 54 ओळी त्याने 1816 मध्ये छापल्या, त्या आजही लोक वाचतात.

काका पुढे सरकले. "गुंगी कशाची?"

"अफूची."

"घेतली कशासाठी?"

इथे थाप मारता आली असती. पण कोलरिजने हस्तलिखिताखाली स्वतःच लिहून ठेवलंय: हगवण थांबावी म्हणून दोन ग्रेन. मी ते सांगितलं.

"बघा!" काका खोलीकडे वळले. "पोटच!" टाळ्या पडल्या. त्या दुपारच्या पहिल्याच. मग माझ्याकडे वळून, समजुतीच्या सुरात: "अफू आपल्या मंदसोर-नीमचला पिकते, पण सरकारी परवाना, पट्टा लागतो. तुम्ही जायफळच घ्या."

माझी झोप कशाने उडते ते मात्र कुणी विचारलं नाही. घरामागे मॅरेज गार्डन आहे. रात्री 10 ते सकाळी 6 भोंगे बंद, हा नियम 2000 सालापासून कागदावर आहे, आणि लग्नसराईत बारानंतर वरात दारात आली की माझ्या खिडकीच्या काचा नाचतात. तक्रार केली की 'शादी-ब्याह का घर है, भिया' हे उत्तर. त्यावर तूप कुठे चोळायचं? इंदूरला रात्रभर जागं राहायचं असेल तर सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जाऊन खावं, लोक कौतुक करतात. घरात पडून जागलात की तुम्ही पेशंट.

पोहे थंड झाले होते. शेव संपली होती. काकांनी माझा नंबर मागून घेतला, आणि मी दिला.

काल रात्री, लग्नाची तिथी नव्हती म्हणून, डोळा लागला. स्वप्नात एक ओळ आली, चांगली, यमकासकट. दुसरी येत होती, तेवढ्यात उशाशी फोन टिणटिणला. पावणेतीन वाजले होते.

'झोप लागली का?'

ओळ गेली. पंख्याकडे बघत बराच वेळ शोधली. मग काकांना उत्तर पाठवलं: 'पोट साफ आहे.'