एक घर उजवीकडे म्हणजे निम्मे? नेहमी नाही

‘दोनने भागण्याऐवजी बिट एक घर उजवीकडे सरकवा, उत्तर तेच येतं आणि कोड वेगाने चालतो’ असा सल्ला प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांमध्ये फिरतो आहे. बिट म्हणजे संगणकात संख्या ज्या ० आणि १ या अंकांत साठवली जाते, ते अंक. तो जसाच्या तसा घेऊ नका.

धन पूर्णांकांपुरतं उत्तर जुळतं. घोळ होतो तो ऋण संख्यांचा. जावामध्ये −७ / २ केलं की −३ येतं, कारण भागाकार शून्याच्या दिशेने छाटला जातो. −७ >> १, म्हणजे बिट एक घर उजवीकडे सरकवले, की मात्र −४ येतं. सोयीसाठी शेवटचे आठच बिट पाहू: −७ म्हणजे १११११००१. उजवीकडचा १ गळून पडतो, डावीकडून चिन्हाचा १ आत येतो आणि उरतं ११११११००, म्हणजेच −४. सम संख्यांना हा फरक पडत नाही, म्हणून ही चूक चाचणीतून सहज निसटते. पायथॉनमध्ये −७ // २ (पूर्णांकी भागाकार, जो खालच्या पूर्णांकाकडे जातो) सुद्धा −४ च. तिथून जावाकडे येणाऱ्यांनी जास्तच जपावं.

राहिला वेग. ठरलेल्या २ ने भागायचं असेल तर आजचे कंपायलर (कोडचं यंत्राच्या सूचनांत रूपांतर करणारे प्रोग्राम) स्वतःच शिफ्ट, म्हणजे बिट सरकवणं, वापरतात, वर ऋण संख्येसाठी लागणारी दुरुस्तीही करतात. भागायचं आहे तिथे सरळ भागाकार लिहा. शिफ्ट फ्लॅग (हो-नाही सांगणारे सुटे बिट) आणि मास्क (हवे तेवढेच बिट निवडणारा साचा) यांच्या कामाला ठेवा.