पौष्टिक पाव कसा ओळखावा

आधी रंग बघा. पाव तपकिरी असला तर घ्या, पांढरा असला तर नाक मुरडा. एवढं साधं लोकांना कळत नाही, म्हणून तर घरोघरी शुगर वाढते.

वर चार तीळ दिसले की तो मल्टिग्रेन. मोजत बसू नका.

वडापाव खायचाच झाला तर ब्राउन पावातला मागा. वड्यातलं तेल घाबरून पळून जातं.

आणि काहीही झालं तरी पाकीट उलटं करू नका. परवा वडिलांसाठी बेकरीतून मल्टिग्रेन लादी घेताना मी हा आगाऊपणा केला. वडिलांना डायबेटिस आहे. साध्या लादीच्या दुपटीने पैसे, आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरांत यादी. वजनाने जे जास्त ते आधी लिहायचं असा नियम आहे. पहिलाच शब्द मैदा! मग साखर, यीस्ट, तेल, आणि पार तळाशी नाचणी, ओट्स, जवस, सगळं मिळून चार टक्के. शेवटी आयएनएस १५०ए, म्हणजे कॅरॅमल, म्हणजे साखर करपवून केलेला रंग. गल्ल्यावरच्या पोराला म्हटलं, "अरे, हा तर मैदाच आहे." तर म्हणतो, "काका, हेल्दी आहे, सगळे हाच नेतात." हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०१७ चा तक्ता बघा: शंभर ग्रॅम कणकेत ११ ग्रॅमच्या वर तंतू, म्हणजे फायबर, मैद्यात पावणेतीन. म्हणजे आधी कोंडा काढून टाकायचा, मग नुसता कोंड्याचा रंग परत फासायचा, आणि त्या रंगाचे आमच्याकडून पैसे घ्यायचे!

गोव्यात पोदेराकडची, म्हणजे तिथल्या पाववाल्याकडची, कोंडा लावलेली पोई मुळीच घेऊ नका, तिच्यावर 'हेल्दी' छापलेलं नसतं. हल्ली तीही कुठे कुठे मैद्याची करून वरून कोंडा भुरभुरवतात म्हणा. प्रगती तिथेही पोचली आहे.

पुरे झाली थट्टा. पाव मैद्याचा असतो हे आम्हाला ठाऊक आहे, मिसळीबरोबर आम्ही तो आवडीने खातो. पांढऱ्या पावाने कधी कुणाला फसवलं नाही. पण आजारी माणसाच्या नावाने कुणी जास्तीचे पैसे मोजतोय आणि तुम्ही त्याच्या हातात रंगवलेला मैदा ठेवता? लाज कशी वाटत नाही? कणकेचा पाव फुगत नाही, घट्ट होतो, खपत नाही, तर नका करू. पण मैदा विकताय तर पाकिटाच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत मैदा लिहा. आणि घेणाऱ्यांनो, कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवालीशी दहा मिनिटं हुज्जत घालता, मग बेकरीतच तोंडाला कुलूप का लागतं?